मदत हवी आहे : टिकाऊ रॅचेट स्क्रूड्रायव्हर आणि लवकर न झिजणारे बिट

सुतारपक्षी (धागाकर्ता)
नमस्कार. मला काही वर्षे तरी हाताशी राहील असा रॅचेटचा, म्हणजे हात मागे घेतला तरी स्क्रू उलटा न फिरवणारा स्क्रूड्रायव्हर आणि त्यासाठी टिकाऊ बिट (बदलता येणारी टोके) घ्यायचे आहेत. सध्याच्या स्क्रूड्रायव्हरचा आतल्या दातांत अडकणारा खटका सैल झाला असून जोर लावला की मूठ नुसतीच फिरते, आणि बिटांची टोके तर पाहता पाहता गोल होतात. शंभर-दोनशे रुपयांपासून कित्येक हजारांपर्यंतचा माल दिसतो आणि प्रत्येकाखाली 'उत्तम' असेच लिहिलेले असते. पुढच्या आठवड्यात काम सुरू करायचे आहे, त्यामुळे कृपया थेट नाव सांगावे. मशीन सुचवू नये, काम हातानेच करायचे आहे.

नागदेवीकर
नाव सांगता येईल, परंतु स्क्रू कोणते, ते कशात बसवायचे आहेत आणि हात किती फिरवता येईल इतकी जागा आहे, हे कळल्याशिवाय सांगितलेले नाव तुमच्या उपयोगाचे ठरणार नाही.

सुतारपक्षी
स्क्रू नेहमीचेच, स्टारचे (अधिकच्या चिन्हासारख्या खाचेचे) आहेत. कपाटांचे काम आहे.

दिवाबत्ती
एक गोष्ट लक्षात ठेवावी की साधे बिट घातलेला रॅचेट स्क्रूड्रायव्हर चालू विजेच्या कामाला कधीही वापरू नये, कारण मुठीला प्लास्टिक असले तरी दांडा आणि बिट उघडेच असतात. त्या कामासाठी १००० व्होल्टची खूण असलेले, टोकापर्यंत आवरण असलेलेच घ्यावेत.

सुतारपक्षी
विजेचे काम नाही. कपाटे आहेत, असे वर लिहिले आहे.

जुना_फिटर
माझे स्पष्ट मत असे आहे की रॅचेट घेऊच नये. आमच्या वर्कशॉपमध्ये अखंड पोलादी दांड्याचे, मुठीच्या टोकापर्यंत पोलाद गेलेले स्क्रूड्रायव्हर होते आणि ते माणसांपेक्षा जास्त टिकले. घ्यायचाच असेल तर स्क्रू भरभर फिरवण्यापुरता रॅचेट वापरावा आणि शेवटचा पीळ देताना कळ मधल्या जागी, म्हणजे लॉकवर ठेवावी.

नागदेवीकर
फिटरसाहेब, रॅचेट भरभर फिरवण्यापुरताच वापरावा हे मान्य आहे, लॉकचे नाही. बहुतेक रचनांमध्ये मधल्या जागी दोन्ही खटके दातांत बसतात इतकेच. कसण्याच्या दिशेचा सगळा जोर त्यातल्या एकाच खटक्यावर येतो. म्हणजे लॉक केले म्हणून खटक्याची सुटका होत नाही. गंजून अडकलेला स्क्रू पहिल्यांदा हलवायचा असेल किंवा शेवटचे घट्ट कसायचे असेल, तर साधा स्क्रूड्रायव्हरच हाती घ्यावा. खटके सैल होतात ते याच दोन प्रसंगांनी.

दातांविषयीही पाहून घ्यावे. ७२ दात असले तर हात ५ अंश मागे घेतला तरी पुढचा दात पकडतो, ३६ असले तर १० अंश लागतात. कपाटाच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे मनगट जेमतेम वळते, तिथे हा फरक जाणवतो. मात्र दात वाढले की ते बारीक होतात, म्हणून स्वस्त मालात दातांचा मोठा आकडा पाहून भुलू नये.

पेचप्रसंग
सर्वांची क्षमा मागून विचारतो, 'नेहमीचे स्टार' म्हणजे नक्की कोणते? स्क्रूच्या डोक्यावर, चार खाचांच्या मधोमध, आणखी चार बारीक तिरक्या रेघा दिसतात का?

सुतारपक्षी
याचा माझ्या प्रश्नाशी काय संबंध आहे ते कळले नाही. तरीही पाहिले. ऑटो बिजागऱ्यांच्या (दाराच्या आत लपणाऱ्या, आपोआप मिटणाऱ्या) स्क्रूंवर रेघा आहेत, प्लायवुडच्या काळ्या स्क्रूंवर नाहीत.

पेचप्रसंग
तोच तर संबंध आहे. रेघा असलेला स्क्रू पोझिड्राइव्ह आणि नसलेला फिलिप्स. फिलिप्सच्या बिटाचे पंख टोकाकडे निमुळते होत जातात, पोझिड्राइव्हचे जवळजवळ समांतर असतात. त्यामुळे फिलिप्सचे बिट पोझिड्राइव्हच्या खाचेत वरवर बसल्यासारखे वाटते, परंतु आत डुगडुगते, जोर दिला की उसळून बाहेर येते आणि जाताना खाच व स्वतःची धार दोन्ही खाऊन जाते. उलट केले तर पोझिड्राइव्हचे बिट फिलिप्सच्या खाचेत तळापर्यंत पोहोचतच नाही. तुम्हाला पीएच २ (फिलिप्सचे दोन नंबरचे) आणि पीझेड २ (पोझिड्राइव्हचे) असे दोन्ही लागतील आणि तसा ठसा बिटावर असतो. दुकानात जाताना बिजागरीचा एक स्क्रू खिशात न्यावा, बिटाच्या टोकावर बसवून बिट आडवे धरावे. बरोबर जोडी असेल तर चुंबक नसतानाही स्क्रू सहसा तसाच तरंगत राहतो.

उगवता_सूर्य
या सगळ्यापेक्षा जपानी व्हेसलचे बिट घ्यावेत. माझ्या मोटारसायकलचे स्क्रू त्यांनीच निघाले.

पेचप्रसंग
मोटारसायकलचे निघाले असतील, कारण जपानी गाड्यांच्या स्क्रूंच्या खाचा या जपानी बिटांच्याच मापाच्या असतात. फिलिप्सवरही ते उत्तम चालतात. परंतु बिजागरीच्या पोझिड्राइव्ह स्क्रूवर त्यांचा स्टारही परकाच.

नागदेवीकर
आता नावे. मुठीसाठी वेरा, विहा किंवा पीबी स्विस यांपैकी हाताला जी बसेल ती घ्यावी. साध्या स्क्रूड्रायव्हरसाठी टपारिया पुरेसा आहे. बिट एस-२ या कणखर जातीच्या पोलादाचे घ्यावेत, परंतु नुसता शिक्का पाहून नव्हे, कारण पोलाद तेच असले तरी पाणी देण्याची, म्हणजे तापवून कडक करण्याची पद्धत बिघडली की टोक एकतर वळते किंवा तुटते. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या नागदेवी स्ट्रीटवर वस्तू हातात घेऊन पाहू देतात. बिट घालून आडवे हलवून पाहावे. तिथेच खडखड झाली तर पुढे ती वाढतच जाणार.

आपल्या हवेत काळे बिट पावसाळ्यात हमखास तांबेरतात, म्हणून तेलाचा हात फिरवलेल्या फडक्यात ठेवावेत. रॅचेटमध्ये मात्र घट्ट ग्रीस भरू नये. खटक्यामागची स्प्रिंग नाजूक असते, ग्रीस जमले की खटका वेळेवर परत येत नाही. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो.

जुना_फिटर
आम्ही ग्रीसच वापरत होतो आणि काहीही बिघडले नाही.

नागदेवीकर
मोठ्या पान्यांच्या रॅचेटमध्ये आपण वापरत असाल. तिथली स्प्रिंग वेगळी असते.

सुतारपक्षी
नावे मिळाली, आभार. आता बिट २५ मिलिमीटरचे घ्यावेत की ५०चे, तेवढे सांगा. शिवाय यांतले एक कपाट जुने सागवानी आहे आणि त्याला पितळी बिजागऱ्या व चपट्या खाचेचे स्क्रू आहेत. ते याच स्क्रूड्रायव्हरने होतील ना?

पेचप्रसंग
२५चे घ्यावेत. मुठीतल्या कप्प्यात बहुधा तेच मावतात आणि झिजले तर बदलायला स्वस्त पडतात. खोल जागेसाठी ५०चे एक पीझेड २ ठेवावे.

जुना_फिटर
सागवान आणि पितळ हे आधीच सांगायला हवे होते. तिथे रॅचेट बाजूला ठेवावा. स्क्रूच्या खाचेइतक्याच रुंदीचे आणि जाडीचे पाते असलेला साधा स्क्रूड्रायव्हर घ्यावा. पाते अरुंद असले तर पितळाच्या खाचेच्या कडा सोलून निघतात. आधी बारीक छिद्र पाडावे, त्यात त्याच मापाचा लोखंडी स्क्रू कसून बाहेर काढावा आणि मगच पितळी घालावा, नाहीतर सागवानात त्याची मान तुटते आणि उरलेला तुकडा आतच राहतो. पितळी स्क्रू बसवण्यापूर्वी त्याचे आटे मेणबत्तीवर घासून घ्यावेत.