मदत हवी आहे: क्लबचा तरणतलाव पाडून नवीन बांधणं थांबवता येईल का?

खाडीकाठी: रविवारी सभा आहे, जरा लवकर सांगा. आमच्या क्लबचा पूल गळतो म्हणून बंद आहे. कमिटी म्हणते पाडू, खाली नवा पूल, वर जिम आणि बँक्वेट हॉल. खर्च डेव्हलपर करणार, बदल्यात हॉल तो चालवणार. याच्या मंजुरीला किती टक्के सभासदांच्या सह्या लागतात?

नोडवाला_नाना: कुठला नोड, म्हणजे नवी मुंबईतला कुठला भाग? जागा कोणाच्या नावावर? काहीच न सांगता टक्के काय, कपाळ सांगू?

घोडबंदरी_ताई: सरळ सहकारी संस्था कायद्याचं कलम ७९अ! ५१ टक्के. आमची बिल्डिंग तशीच गेली.

नोडवाला_नाना: ताई, त्या कलमाखालचा २०१९चा जीआर राहत्या इमारतींच्या पुनर्विकासाचा. इथे कुणाचं घर पाडतायत?

घोडबंदरी_ताई: मी आपला अनुभव सांगितला. इतकं चिडायला काय झालं?

खाडीकाठी: सानपाडा. सोसायट्यांचं फेडरेशन, सिडकोचं ६० वर्षांचं लीज. इकडे सगळ्यांचं तसंच असतं ना?

नोडवाला_नाना: मग टक्के राहू द्या, लीज डीड, म्हणजे भाडेपट्ट्याचा करार, काढा. जागा कशासाठी दिलीय ते त्यात असतं. सभासदांच्या क्लबचा लग्नाचा हॉल होणार म्हणजे वापर बदलला. सिडकोला विचारावं लागेल, नकाशे महापालिकेत.

पंपरूम: पण पाडायचा कशाला? बादली टेस्ट केलीत? पायरीवर बादली ठेवा, आतबाहेर पाणी एका पातळीला आणा, खुणा करा, २४ तासांनी बघा. बादलीपेक्षा तलाव जास्त उतरला तर गळती. पंप चालू ठेवून एकदा, बंद ठेवून एकदा. चालू असतानाच जास्त उतरला तर बहुतेक रिटर्न लाइन, म्हणजे पाणी तलावात परत सोडणारा पाइप, गेलीय, तलावाची टाकी नाही. २५ बाय १२.५ मीटरच्या तलावात १ सेंटीमीटर म्हणजे ३ हजार लिटरच्या वर.

मीठभाकर: नवीन बांधणारच असाल तर सॉल्ट सिस्टीम घ्या. क्लोरीनची भानगडच नाही.

पंपरूम: अहो, मिठापासून क्लोरीनच तयार होतो! डोळे चुरचुरतात ते क्लोरामाइनने, म्हणजे घामाशी मिळून क्लोरीनचं जे होतं त्याने, लोक अंघोळ न करता उतरतात म्हणून.

आईसाहेब_ठाणे: विषयांतर होतंय, पण मारोतराव शिंदे तलावावर मुलींची वेगळी बॅच असते का?

खाडीकाठी: टेस्ट कशी करू? मे महिन्यापासून टाकी कोरडी आहे.

पंपरूम: अख्खा पावसाळा? खाडीच्या भरावावर? जमिनीतलं पाणी वर आलं की रिकामी टाकी खालून उचलली जाते, तळाला तडे जातात. आता आधी स्ट्रक्चरल इंजिनीयर आणा. डेव्हलपरने सुचवलेला नको.

खाडीकाठी: सेक्रेटरींना लीज डीड मागितलं. म्हणाले, डेव्हलपरच्या ऑफिसात आहे.

नोडवाला_नाना: वा! प्रत सिडकोतून माहिती अधिकारात काढा. त्याला ३० दिवस जातील, म्हणून रविवारी विषय तहकूब करायची सूचना मांडा. अनुमोदक आधीच गाठून ठेवा, आयत्या वेळी सगळे चहाकडे बघतात.