गर्भपिशवी काढून सव्वा महिना झाला, शिंक आली की थेंब जातात

केजची वहिनी:
वय 43. गाठी होत्या, अंगावरून लई जायचं, रक्त 7 वर आलं होतं. शेवटी पोटावरून पिशवी काढली. टाके भरलेत, दुखत नाही. पण शिंकलं, हसलं की लघवी सुटते. परवा जावेच्या नातवाचं बारसं होतं. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत बाळ पाळण्याखालून हातात आलं अन् मला ठसका लागला. साडी ओली! बाळावर ढकलून मोकळी झाले. सासूबाई म्हणतात पिशवी गेली की असंच असतं. सुट्टी देताना ‘जड उचलू नका’ एवढंच सांगितलं होतं. नळ आठ दिवसाला येतो, घागरी काय उडत येतात घरात? यूट्यूबवर बघून लघवी करता करता मधेच रोखते रोज. बरोबर आहे का?

लातूरची फिजिओ:
ताई, ते रोखणं आजपासून बंद. त्यानं लघवी पूर्ण होत नाही, संसर्गाची भीती.
पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत स्नायूंची वीण असते, बाजेच्या सुतळीसारखी. ती झोळ खाते तेव्हा थेंब जातात. गुडघे दुमडून उताणं पडा. चारचौघांत वारा सरू नये म्हणून जसं आवळून धरतो, तसं आत वर ओढा. 5 आकडे धरा, तितकाच वेळ पूर्ण सैल सोडा. असं 10 वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू 10 आकड्यांवर जा. मांड्या, कुल्ले आवळायचे नाहीत. आकडे तोंडानं मोजा, म्हणजे श्वास अडकणार नाही. शिंक येतेय वाटलं की आधी आवळा, मग शिंका. फरक दिसायला तीनेक महिने धरा. एकदा फिजिओकडून तपासून घ्या, पुष्कळ जणी वर ओढण्याऐवजी खाली जोर देतात.

परभणीकर मावशी:
मी त्यातलीच, चार महिने उलटं करत होते! तीनदा करायचं ध्यानात राहत नसेल तर भाकरीवर लावून घे. तव्यावर टाकली की आवळ, मग सोड, उलटेपर्यंत दोन-तीनदा होतं. आणि थेंबांच्या भीतीनं पाणी तोडू नको. मी तोडलं, मग संडासला कुंथायची वेळ आली, त्यानं आणखी सुटायला लागलं.

केजची वहिनी:
मोजून बघितलं. 3 लाच सुटतं.

लातूरची फिजिओ:
मग 3 पासूनच सुरू करा. शिंकतानाच जाते की दिवसभर पाझरते? सतत पाझरत असेल, ताप असेल, घाण वासाचं जात असेल किंवा पुन्हा रक्त आलं तर व्यायामाची वाट बघू नका, ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडं लगेच जा.

केजची वहिनी:
तसलं काही नाही. फक्त शिंक अन् ठसका. अन् खरं सांगू का, काल घागर उचलली तेव्हापण.

परभणीकर मावशी:
दीर काय करतात मग घरात?