नर्मदा परिक्रमेला मित्राबरोबर निघावं का? माझं मत: नको

रेवाकाठ
कार्तिकी एकादशी जवळ आली की हा प्रश्न ठरलेला: "मी आणि मित्र ओंकारेश्वरहून पायी निघतोय, तयारी काय करू?" माझं उत्तर, निघा, पण वेगवेगळे. नदी 1312 किलोमीटरची, म्हणजे दोन्ही काठ मिळून 2600च्या वर. रोज 20-25 किलोमीटर धरले तरी मुक्काम, आजारपण मिळून चार-पाच महिने जातात. एवढा काळ दोघांची चाल एक राहत नाही. चपळ गडी पुढे जाऊन झाडाखाली बसतो. मागचा वीस मिनिटांनी पोचतो आणि टेकतो न टेकतो तोच पुढचा म्हणतो, "चला". एकाला दिवसात पाच विसावे, दुसऱ्याला एकही नाही. मग मागचा लांब ढांगा टाकू लागतो, आठवड्याभरात नडगी भरून येते आणि दोघांत अबोला.

सातपुडा_पायी
निदान बरोबर, औषध चूक. सावकाश चालणाऱ्याला पुढे घाला आणि विसावा शेवटचा माणूस बसल्यापासून मोजा. एवढ्याने निम्मी भांडणं मिटतात. तुमच्या सल्ल्याने कुणी एकटा शूलपाणीच्या झाडीत, म्हणजे सातपुड्यातल्या काठच्या जंगलात, शिरला तर? बडवानी सोडून धडगाव-मोलगीच्या बाजूला जाताना बऱ्याच पट्ट्यात फोन लागत नाही. काठच्या जुन्या वाटा सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेल्या, आता डोंगरावरून चढ-उतार करत जावं लागतं. तिथे घोटा मुरगळला तर पाड्यावर सांगायला कोण जाणार?

रेवाकाठ
हंगामात पुढेमागे परिक्रमावासी असतातच. झाडीपुरती त्यांची सोबत धरावी, पलीकडे निघालं की सोडावी. अनोळखी माणसाला "तुम्ही व्हा पुढे" म्हणता येतं. बालमित्राला म्हणून दाखवा!

चुलीपाशी
दोघंही चालीवरच अडलात. सदावर्तात बऱ्याचदा कोरडा शिधा मिळतो: पीठ, डाळ, तांदूळ. दिवसभर चालून आल्यावर काटक्या, पाणी, चूल, स्वयंपाक, भांडी हे सगळं एकट्याने करायचं तर झोपेचे दोन तास गेले. दोघं असतील तर एक चूल पेटवतो, दुसरा कपडे धुतो.

पण ओझं वाटून घेताना लोक हमखास घोळ घालतात. पातेलं, तवा, सुई-दोरा, कपडे वाळवायची दोरी एकेक पुरे. औषधं, बॅटरी, पाण्याची बाटली, पांघरूण आणि पैसे मात्र ज्याचे त्याच्याकडे. औषधांची पिशवी एकाच्या पाठीवर, जुलाब दुसऱ्याला आणि मध्ये सहा किलोमीटरचं अंतर, असं झालं तर वाटणी काय कामाची? मीठ-साखरेच्या पुड्याही दोघांकडे हव्यात. मोठी पुडी एक लिटर पाण्याची असते, छोटी 200 मिलीची. पुडीवरचं वाचल्याशिवाय कालवू नका. ओळखपत्राची प्रत, परिक्रमेचं पत्र आणि पूजेतलं नर्मदाजल तर स्वतंत्रच.

काठावरचा
खरी अडचण कुणी बोललंच नाही. परिक्रमेत नदी उजव्या हाताला ठेवायची, ओलांडायची नाही. समुद्राला मिळते तिथे तेवढी विमलेश्वर किंवा कठपोरहून नावेने उत्तर तटावरच्या मिठीतलाईला जायची मुभा. आता समजा अमरकंटकच्या उगमाहून वळून दोघं दक्षिण तटाने परतताहेत, जबलपूरसमोर आले आणि एकाला ताप चढला. शहर आणि मोठी इस्पितळं उत्तर तटावर. आजारी माणूस पुलावरून जाणारच. दुसऱ्याने काय करायचं? गेला तर संकल्प मोडतो, नाही गेला तर मैत्री. नावेचंही तेच. ती भरती बघून सुटते, एकजण मागे राहिला तर कुणी खोळंबत नाही. हे संकल्प करण्याआधी बोलून ठेवायचं असतं, बोलत कुणीच नाही.

रेवाकाठ
म्हणजे माझंच म्हणणं झालं.

सातपुडा_पायी
छे! एकट्याला ताप चढला असता तर पुलापर्यंत नेलं कुणी असतं? माझ्या मते आजाऱ्याबरोबर जायचंच, यात वाद नको. परतल्यावर ज्या तटावर, ज्या गावी वाट सुटली तिथूनच पुढे चालायचं. टप्प्याटप्प्याने करणारेही तसंच करतात. मात्र शेवटचा मुक्काम वहीत लिहा आणि नुसतं गाव नको, आश्रमाचं किंवा घाटाचं नावही घाला. एकाच नावाची गावं काठावर बरीच आहेत. चुकामूक झाली तर भेटायची जागाही अशीच पक्क्या नावानिशी सकाळीच ठरवायची. "पुढच्या आश्रमात भेटू" हे ठरवणं नव्हे, पुढे दोन आश्रम असतात.

चुलीपाशी
निघण्याआधी मित्राची पारख करायची म्हणून चैत्रातली उत्तरवाहिनी, म्हणजे नदी उत्तरेकडे वाहते तेवढ्याच पट्ट्याची छोटी परिक्रमा, करू का, असंही विचारतात. तिलकवाडा-रामपुऱ्याकडची ती वाट 21 किलोमीटरच्या आसपास, एका दिवसाची. तेवढ्यात सगळेच गोड असतात.

रेवाकाठ
हे मान्य. त्यापेक्षा सलग तीन दिवस, पाठीवर खरं सामान घेऊन, रोज 20 किलोमीटर चाला आणि रात्री देवळात झोपा. तिसऱ्या दुपारी ज्याच्या टाचेला फोड आलाय त्याने न लाजता "थांबू या" म्हटलं आणि दुसऱ्याने न कुरकुरता पाठपिशवी उतरवली, तर जोडीने जा. माझा अंदाज विचाराल तर दहातल्या दोन जोड्याही टिकणार नाहीत.

सातपुडा_पायी
दोन टिकल्या तर त्यांना "नको" का सांगायचं? धाग्याचं नाव बदला.