सोयाबीन कापायला पाठीवरचं ब्रश कटर घ्यावं का?

प्रश्न: सांवेरजवळ चार बिघे काळी जमीन आहे, राहतो इंदूरला. सोयाबीन पिकलं की मजूर मिळत नाहीत, आणि एवढ्याशा तुकड्याला हार्वेस्टरवाला येत नाही. दुकानदार पाठीवरचं टू-स्ट्रोक इंजिनचं ब्रश कटर (दांड्याच्या टोकाला फिरतं पातं असलेलं कापणी यंत्र) गळ्यात मारतोय. वय ५६, कंबर आधीच कुरकुरते. घेऊ का?

उत्तर १: काका, देपालपूरकडे मी तीन हंगाम वापरतोय. घ्या, पण गवताचं तीन पात्यांचं ब्लेड सोयाबीनला लावू नका, शेंगा उडतात. ८० दातांची गोल चकती घ्या, वर पीक झेलायचा गार्ड बसवा. उजवीकडून डावीकडे झोका दिला की झाडं डावीकडे ओळीत पडतात. सकाळी दव असताना कापा, दुपारी वाळक्या शेंगा नुसत्या धक्क्याने तडकतात. पहिल्या वर्षी मी अकरा वाजता हौसेने सुरू केलं, तर निम्मे दाणे भेगांत! आणि चष्मा लावा. माझ्या नडगीवर खड्याची खूण अजून आहे.

उत्तर २: टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. २५:१ (२५ भाग पेट्रोल, १ भाग ऑइल) सांगितलं असेल तर लिटरमागे ४० मिली. अंदाजपंचे ओतलंत तर पिस्टन धरतो, म्हणजे इंजिन जाम होतं. त्यापेक्षा फोर-स्ट्रोक बरं, ऑइल वेगळं.

प्रश्नकर्ता: आभार. आणि कंबर?

उत्तर १: इंजिनचं ओझं पाठीवर, हातात फक्त दांडा. तरी एक टाकी संपली की बसा, पोहे खा.