काउंटरच्या पलीकडची बाजू

कॉफी शॉपमधली मुलं ग्राहकाकडे मान वर करूनही बघत नाहीत, ही तक्रार बरेचदा ऐकू येते, पण ती मला पूर्ण पटत नाही. एस्प्रेसोचा, म्हणजे मशीनमधून दाबाने काढलेल्या दाट कॉफीचा, एक शॉट उतरायला साधारण 25 ते 30 सेकंद लागतात, त्यातच शेजारी दूध वाफेवर तापवायचं असतं. दुधाच्या भांड्यावरून नजर हटली की दूध जास्त तापून चव जाते. सकाळी लोअर परळला ऑफिसची गर्दी उसळते तेव्हा हसून स्वागत करायला हात कुठे रिकामा असतो?

परवा तिथेच पाहिलं. एक गृहस्थ कानात इअरफोन घालून मीटिंगमध्येच बोलत होते. काउंटरवरच्या मुलीने दोनदा विचारलं, "सर, दूध कुठलं?" त्यांनी नुसता तळहात दाखवला. कप हातात आल्यावर मात्र, "ओट मिल्क सांगितलं होतं ना!" तिने एक शब्द न बोलता तो कप बाजूला ठेवला आणि दुसरा करायला घेतला. मला फार वाईट वाटलं.

माटुंग्याला कॅफे मद्रास किंवा राम आश्रय या दाक्षिणात्य हॉटेलांमध्ये अनोळखी माणसं एकाच टेबलावर बसतात, फिल्टर कॉफी संपली की उठतात; बाहेर रांग आहे हे प्रत्येकाला दिसतं. कॉफी शॉपमध्ये निवांत बसायला जागा आहे, हे मान्य. पण गर्दीच्या वेळी एका कॉफीवर लॅपटॉप मांडून चार खुर्च्यांचं टेबल अडवू नये. एकट्यासाठी काचेलगतची उंच स्टुलं असतात की!