तुरीचा तीन देशांचा डेटा एकत्र कसा आणायचा?

लातूरकर: डाळ मिलवाल्यांसाठी भारत, म्यानमार आन् मोझांबिकचा तुरीचा डेटा जोडायलोय, पण प्रत्येकाचं टेबल वेगळं, कुठं क्विंटल कुठं टन, ऑन्टोलॉजीनं (संकल्पना आन् त्यांची नाती मांडणारा सामायिक आराखडा) जमंल का?

उदगीरकर: जमतंय की! टेबलं हायेत तशीच राहू द्या, प्रत्येकाचं आरडीएफ (माहिती 'कशाचं-काय नातं-कशाशी' अशी मांडायची पद्धत) मॅपिंग करा आन् वरून स्पार्कल (आरडीएफला प्रश्न विचारायची भाषा) क्वेरी मारा. पिकांसाठी एफएओचं (संयुक्त राष्ट्रांची अन्न-शेती संघटना) अ‍ॅग्रोवॉक (शेतीतल्या शब्दांचा कोश) तयार हाय, नवीन बनवत बसू नका.

नांदेडचा: एचएस कोडचे (आंतरराष्ट्रीय व्यापारात मालाला देतेत तो नंबर) पहिले 6 आकडे सगळीकडं सारखे, तुरीला 071360, पुढचे देशागणिक बदलतेत. म्हणून भारताच्या 8 आकडी कोडला दुसऱ्या देशाच्या कोडशी सेमअ‍ॅज ('दोन्ही एकच' असं नातं) लावू नका राव, लई घोळ होतो, दोन्ही 6 आकडीखाली सबक्लास (पोटवर्ग) ठेवा.

लातूरकर: आन् क्विंटलचं?

उदगीरकर: युनिट आकड्याला चिकटवूनच ठेवा, 10 क्विंटल म्हंजे 1 टन हे क्वेरीत करा. मूळ आकडा बदलू नका.