अनुभव धागा : वाळवंटात जाणकाराबरोबर चालताना काय दिसलं?

टेकडीकर, पुणे

मंडळी, वाळवंटी उद्यानात जाणकाराबरोबर पायी फिरला असाल, मुलांना तिथल्या एखाद्या उपक्रमाला नेलं असेल, तर इथे लिहा. कुणी बोट दाखवलं नसतं तर नजरेतून सुटलं असतं, असं काहीतरी सांगा. सुरुवात मी करते.

जोधपूरला मेहरानगडाला लागून राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे, सुमारे 70 हेक्टरचं. बहुतेक लोक किल्ला बघून परततात. आम्ही सकाळीच उद्यानाच्या मार्गदर्शकांबरोबर निघालो. पायाखाली वाळू नव्हतीच, तांबूस खडक होता. रायोलाइट, सुमारे 75 कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींचा. आपला दख्खनचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा, त्याच्यापुढे तान्हं पोर!

2006 मध्ये काम सुरू झालं तेव्हा इथे वेड्या बाभळीचं रान माजलेलं होतं. ही मूळची अमेरिका खंडातली, गेल्या शतकात हिचं बी इथे मुद्दाम पसरवलं गेलं. वरून तोडली की बुंध्यातून पुन्हा फुटते. म्हणजे मुळासकट काढायला हवी, आणि मुळं तर खडकात शिरलेली. शेवटी हे काम खांडवालियांनी केलं. हे इथले खाणीत दगड फोडणारे लोक. आमच्या मार्गदर्शक दादांनी खडकावर दगड आपटून दाखवला. एका जागी खणखणीत आवाज, वीतभर पलीकडे बद्द. बद्द वाजलं की आत भेग आहे. खांडवालिया असा आवाज ऐकून छिन्नी कुठे लावायची ते ठरवत. मग त्या खड्ड्यांत थोर, कुमट, केर अशी इथलीच झाडं लावली.

माझी मुलगी 'झाडे लावा'च्या घोषणा देत मोठी झालेली. कुठलं झाड, कुठे, हा प्रश्न तिने पहिल्यांदा तिथे विचारला. परतल्यावर आमच्या टेकडीवर, बाहेरून आणून लावलेल्या गिरिपुष्पाच्या झाडांखाली काय उगवतं ते बघायला गेली. फार काही नव्हतं.

सोलापूरकर

ताई, चांगला विषय काढलात. लहानपणी वडील मला नान्नजला माळढोक बघायला न्यायचे. आता तिथे तो दिसणं जवळजवळ संपलंय, म्हणून जैसलमेरच्या डेझर्ट नॅशनल पार्कला गेलो. 3162 चौरस किलोमीटरचा प्रदेश, आणि आमचा गाइड तिथल्याच एका ढाणीतला, म्हणजे छोट्या वस्तीतला.

सकाळी त्याने वाळूवरच्या खुणा वाचायला शिकवल्या. एका बिळाचं तोंड आतून मातीने बंद होतं. म्हणाला, "सांडा घरात आहे." दार लावून घेणारा सरडा मी पहिल्यांदाच ऐकला.

माळढोक दिसला तो दुर्बिणीतूनच, सेवण गवतात एक पांढरी मान. मला अजून जवळ जायचं होतं. त्याने साफ नाही म्हटलं. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, माणसाच्या चाहुलीने ती उठली तर अंडं गेलंच समजा. मग त्याने क्षितिजावरच्या विजेच्या तारा दाखवल्या. या पक्ष्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, समोरचं कमी दिसतं, आणि एवढ्या जड अंगाला ऐनवेळी वळता येत नाही, म्हणून तो तारांवर आदळतो. नान्नजला कितीदा गेलो असेन, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडच्या प्रत्येक माळावर असा एक माणूस हवा होता, असं फार वाटलं.

टुसॉनवासी

टेकडीकर, तुमची वेडी बाभूळ वाचून हे लिहायलाच हवं असं वाटलं. इथे अमेरिकेत, ॲरिझोनात सग्वारो नॅशनल पार्क आहे. आई-बाबा आले होते तेव्हा सगळे रेंजरबरोबर फिरायला गेलो. सिनेमात दिसतात तसे हात पसरलेले उंच निवडुंग बघायला आई उत्सुक होती, पण रेंजरबाई एका झुडपाखाली गुडघे टेकून बसल्या आणि आम्हालाही बसवलं. पाचोळ्यात अंगठ्याएवढा सग्वारो, म्हणजे तोच निवडुंग, होता. पहिल्या आठ वर्षांत तो जेमतेम तीन-चार सेंटिमीटर वाढतो, आणि पहिला हात फुटायला पन्नास-पंच्याहत्तर वर्षं सहज जातात. लहानपणी उन्हापासून आणि थंडीच्या कडाक्यापासून त्याला जपतं ते वरचं झुडूप. ते होतं मेस्किट, तुमच्या वेड्या बाभळीचं भाऊबंद! इथे ते इथलंच आहे, म्हणून सग्वारोची दाई होतं.

लेकाने ज्युनिअर रेंजर या मुलांसाठीच्या उपक्रमाची वही भरली, शपथ घेतली, बिल्ला मिळवला. त्याची प्रश्नावली सोडवताना आजोबाच जास्त रमले होते.

जोधपूर मुक्कामी

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सध्या इथेच आहोत, त्यामुळे राव जोधाला येणं-जाणं असतं. पाहुणे हिवाळ्यात येतात, हवा छान असते हे खरं. पण मला विचाराल तर पहिल्या दोन-तीन पावसांनंतर या. उन्हाळाभर निष्पर्ण असलेल्या थोराला पानं फुटतात, खडकाच्या खाचांत गवत उगवतं, आणि मार्गदर्शकांच्या बोलण्यालाही तेव्हा वेगळा हुरूप असतो.

मुलांना कुमटाची फांदी जवळून बघायला सांगा. काटे तिनाच्या जुड्यांनी येतात, दोन वर वळलेले, मधला खाली, म्हणजे बाही एकदा अडकली की कुठल्याही बाजूला ओढा, सुटत नाही. याच झाडाचा डिंक निघतो, आणि बिया इथल्या पंचकुट्याच्या भाजीत पडतात, केर-सांगरीबरोबर.

सोबत मार्गदर्शक हवा असेल तर आधी विचारून ठेवा. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि जाड तळाचे बूट घाला, आणि सकाळी लवकर निघा. नऊनंतर खडक तापायला लागतो.